काळीवरचे घर

गावच्या जमिनीचे आपल्याकडे पूर्वीपासून दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. हे शब्द नुसते महसुलाच्या दप्तरातले नाहीत, ते मातीच्या रंगावरूनच आलेले आहेत. जुन्या गावठाणात कुदळ मारली तर खरोखरच राखाडी-पांढरट माती लागते. पडलेल्या मातीच्या भिंती, चुलीतली राख, शेण, चुन्याचे खडे, हाडे, खापरे असे सगळे पिढ्यान्‌पिढ्या मिसळून ती तयार झालेली असते. पुरातत्त्वाचे अभ्यासक जुनी वस्ती शोधताना पांढरीच्या टेकाडांवर नजर ठेवतात ते याचसाठी.

बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेड राजा तालुक्यात साखरखेर्डा हे गाव आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई इथे झाली, म्हणून त्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते. आपल्याला त्या लढाईशी कर्तव्य नाही. एवढेच लक्षात घ्यायचे की गाव निदान तीनशे वर्षांचे आहे. पण गाव वाढते, पांढरी वाढत नाही. या भागातल्या गावांमध्ये नव्या वस्त्या होतात त्या बहुधा गावठाणाच्या कडेला, कालपरवापर्यंत जिथे कापूस किंवा ज्वारी उभी होती अशा जमिनीवर. घरकुलेही पुष्कळदा तिथेच उभी राहतात, कारण ज्याला घर नसते त्याला गावठाणात जागाही नसते.

आणि मग एक नेहमीची गोष्ट घडते. घर नवे, सिमेंटचे, ज्याला आपण पक्के म्हणतो तसे. दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून भिंतीला तिरकी भेग जाते. जुन्या गल्लीतले मातीचे घर मात्र शाबूत असते. मिस्त्रीने सिमेंट खाल्ले, असा निष्कर्ष गावात लगेच निघतो. कधी कधी तो खराही असतो. पण पुष्कळदा दोष भिंतीत नसून भिंतीखाली असतो, आणि तो समजून घेण्यासाठी आधी पाया, मग छत आणि शेवटी पाणी अशा क्रमाने घराकडे पाहावे लागते. शाळेत हा विषय घेण्याजोगा आहे, कारण प्रयोगशाळा प्रत्येक मुलाच्या घरीच आहे.

आधी पैशांचा हिशेब सांगून टाकू. गरिबांसाठी ग्रामीण घरबांधणीची इंदिरा आवास योजना १९८५ साली सुरू झाली आणि २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागाने घेतली. घर कमीत कमी २५ चौरस मीटरचे, स्वयंपाकाच्या जागेसह, आणि सपाट प्रदेशात मदत १,२०,००० रुपये. योजना सुरू झाली तेव्हा याशिवाय शौचालयासाठी १२,००० रुपये आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी अशी जोड होती. २०२४ साली केंद्राने योजना आणखी पाच वर्षे चालवायचे ठरवले तेव्हाही मूळ रक्कम तीच राहिली. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली आपल्या बाजूने ५०,००० रुपयांची भर घालायचे जाहीर केले. रमाई, शबरी अशा राज्याच्या योजनाही याच जातीच्या आहेत. रकमा थोड्या मागेपुढे होतील, पण मुद्दा बदलत नाही. एवढ्या पैशांत चुकीला जागा नाही. ज्याच्याकडे दुसरे घर बांधायला पैसे नाहीत त्याचे पहिले घर तडकून चालत नाही.

आता काळी माती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थर साचले आणि त्यांचा बेसाल्ट झाला. लोणारचे विवर आहे ते याच खडकात. बेसाल्ट कुजून जी चिकणमाती होते, तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. (नाव फ्रान्समधल्या माँटमोरिलाँ या गावावरून पडले आहे. हे खनिज आपल्या शेतात किती आहे ते पाहिले तर नाव ठेवण्याचा मान आपला होता, असे आम्हांला वाटते.) हे खनिज पापुद्र्यांचे बनलेले असते. एकेका पापुद्र्याची जाडी साधारण मिलिमीटरचा दहालाखावा भाग. दोन बाजूंना सिलिकाचे थर आणि मध्ये ॲल्युमिनाचा थर अशी त्याची रचना असते. दोन पापुद्र्यांमधला बंध फार कमजोर असतो, त्यामुळे पाणी त्यांच्यामध्ये सहज शिरते आणि त्यांना दूर ढकलते. माती फुगते. पाणी उडून गेले की पापुद्रे पुन्हा जवळ येतात आणि मातीला भेगा पडतात. शुद्ध माँटमोरिलोनाइटच्या एका ग्रॅममधले सगळे पापुद्रे सुटे करून पसरले तर त्यांचे क्षेत्रफळ ७०० ते ८०० चौरस मीटर भरते. म्हणजे चिमूटभर मातीत तीस घरकुलांच्या जमिनीएवढा पृष्ठभाग. एवढ्या पृष्ठभागाला पाणी चिकटणार, मग फुगणार नाही तर काय? कोकणातल्या जांभ्याच्या मातीत केओलिनाइट हे खनिज जास्त असते. त्याचे पापुद्रे एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून ती माती अशी नाचत नाही.

वैशाखात शेतातल्या भेगेत मुलांना काठी घालून पाहू द्या. मीटरभर काठी सहज आत जाते. जिथे काळीचा थर खोल आहे तिथे ओलाव्याची ही वरखाली साडेतीन मीटरपर्यंत पोचू शकते, असे आपले स्थापत्य अभियंते धरून चालतात.

आपली माती किती फुगते ते मोजायची एक सोपी रीत भारतीय मानकांत दिलेली आहे आणि ती शाळेत करता येते. माती चांगली वाळवून कुटायची आणि बारीक चाळणीने चाळायची. (मानकात ४२५ मायक्रॉनची चाळणी सांगितली आहे, मैद्याच्या चाळणीने आपले काम भागेल.) १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत प्रत्येकी १० ग्रॅम माती घाला. एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल १०० च्या खुणेपर्यंत भरा, काडीने ढवळून हवेचे बुडबुडे काढा आणि चोवीस तास ठेवा. रॉकेल मिळाले नाही तर टर्पेंटाइन चालेल, मात्र जवळपास ज्योत नको. पाण्यातली माती फुगून बसते. रॉकेलच्या रेणूंना पाण्याच्या रेणूंसारखी धन-ऋण टोके नसतात, त्यामुळे ते पापुद्र्यांमध्ये शिरत नाहीत आणि तिथली माती आहे तेवढीच राहते. समजा, पाण्यातल्या मातीचे आकारमान २२ मिलिलिटर आणि रॉकेलमधल्या मातीचे ११ भरले, तर वाढ ११, म्हणजे शंभर टक्के. आकडा पन्नासच्या खाली असेल तर फारशी काळजी नाही. शंभरच्या पुढे गेला तर ती जमीन घराला धोक्याची समजावी. एका पात्रात शेतातली काळी, दुसऱ्यात गावठाणातली पांढरी आणि तिसऱ्यात टेकडीचा मुरूम घेऊन पाहा. पूर्वजांनी वस्ती कुठे केली आणि पेरणी कुठे केली, याचे उत्तर मुलांना तीन काचपात्रांत दिसेल.

आता अशा जमिनीवर घर बांधले की काय होते? घराखालची माती झाकली गेल्यामुळे तिच्यातला ओलावा फारसा बदलत नाही. कडेची माती मात्र पावसाळ्यात भिजते आणि उन्हाळ्यात तडकते. म्हणजे घराच्या मधल्या भागाखालची जमीन बऱ्यापैकी स्थिर आणि कडांखालची वर्षातून एकदा वर जाऊन खाली येणारी. कोपरे खाली बसले की भिंत वरच्या बाजूने फाटते, म्हणून भेग वर रुंद आणि खाली निमुळती दिसते. कडा वर उचलल्या गेल्या तर उलट, भेग खाली रुंद असते. एवढ्या एका खुणेवरून जमिनीने काय केले ते ओळखता येते. भेग खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातूनच का निघते, हे पाहायला एक पोस्टकार्ड पुरे. त्यात चौकोनी भोक पाडा आणि कार्ड तिरके ओढा. फाटायला सुरुवात भोकाच्या कोपऱ्यापासून होते, कारण कापलेल्या भागाने पेलायचा ताण तिथे गोळा होतो.

आणखी एक गोष्ट आहे, जी आम्हांला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. नऊ इंची विटेची भिंत, जोते आणि स्लॅब असा एकमजली घराचा भार धरला, तर पायाच्या प्रत्येक मीटर लांबीवर तो सुमारे तीन ते साडेतीन टन येतो. पाया साठ सेंटीमीटर रुंद असेल तर एका चौरस मीटरवर पाच-सहा टन. टिनाचे छप्पर असेल तर त्याहून कमी. काळी माती फुगताना वर जो दाब देते तो दर चौरस मीटरला दहा-वीस टन किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. म्हणजे तालुक्याच्या गावी चार मजली इमारत स्वतःच्या वजनाने मातीला दाबून धरू शकते, आणि गरिबाचे एक खोलीचे घर माती सहज उचलते. हलके घर म्हणून पाया हलका, हा व्यवहारी हिशेब काळीवर उलटा पडतो.

मग करायचे काय? जमीन उथळ असेल, म्हणजे चार-पाच फुटांवर मुरूम लागत असेल, तर प्रश्न सुटल्यातच जमा आहे. पाया मुरुमापर्यंत न्यायचा. या पठारी मुलखात कडेकडेच्या जमिनींत हे पुष्कळ ठिकाणी शक्य असते. म्हणून घराची जागा ठरवण्याआधी एक खड्डा खणून पाहणे हा सगळ्यांत स्वस्त विमा आहे. माती खोल असेल तर दोन मार्ग संशोधनातून आलेले आहेत. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खाली फुगवटा असलेले छोटे काँक्रीटचे खांब विकसित केले. जमिनीत साडेतीन मीटरच्या आसपास भोक पाडून त्याच्या तळाशी खास हत्याराने मोठी पोकळी कोरतात. तिची रुंदी खांबाच्या सुमारे अडीच पट असते. मग आत सळया आणि काँक्रीट भरतात. वरची माती कितीही हलली तरी खालच्या स्थिर थरात हा फुगवटा नांगरासारखा अडकून बसतो. दुसरा मार्ग मुंबईच्या आयआयटीमधील प्रा. आर. के. कट्टी यांनी सुचवला. काळी माती खणून काढायची आणि तिथे न फुगणाऱ्या, पण थोड्या चिकट मातीचा सुमारे एक मीटरचा थर दाबून भरायचा. चिकट मुरूम याला चांगला चालतो. नुसती रेती भरली तर ती निचऱ्याची वाट बनते, पाणी सरळ खालच्या काळीपर्यंत पोचते आणि काम बिघडते. रेती भरली म्हणजे झाले, ही समजूत अजून पुष्कळ ठिकाणी आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

हे दोन्ही मार्ग खर्चिक आहेत. १,२०,००० रुपयांत ते बसवणे कठीण, हे आम्ही नाकारत नाही. पण काही उपाय जवळजवळ फुकट आहेत, आणि तेच टाळले जातात. घराभोवती मीटरभर रुंदीची फरसबंदी, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. छपराचे पाणी पन्हळीने दूर नेणे. न्हाणीचे सांडपाणी भिंतीच्या बुडाशी न सोडता शोषखड्ड्यात सोडणे, आणि तो खड्डाही घरापासून लांब. मोठे झाड त्याच्या उंचीइतके तरी लांब असावे, कारण त्याची मुळे उन्हाळ्यात पायाखालचे पाणी ओढून घेतात. या सगळ्यांत तत्त्व एकच. काळी माती ओली असली तरी चालेल, कोरडी असली तरी चालेल, तिचे ओलेकोरडे होणे थांबवायचे. आणि चारही भिंतींना जोत्यावर, दाराखिडक्यांच्या वर अशा दोन ठिकाणी काँक्रीटचे सलग पट्टे दिले तर घर पेटीसारखे एकसंध हलते. पट्ट्यात सळया असतात. सिमेंट-काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण त्याला फारसा सोसत नाही. तो सळयांनी घ्यायचा असतो.

भिंतींबद्दल थोडक्यात. विटा आडव्या न घालता कडेवर उभ्या ठेवून मध्ये पोकळी सोडायची एक पद्धत लॉरी बेकर यांनी केरळात पुष्कळ वापरली. तीत विटा सुमारे पाव भाग कमी लागतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. सिमेंट घालून दाबलेल्या मातीच्या विटाही बऱ्याच ठिकाणी करतात. मात्र त्यासाठी काळी माती उपयोगाची नाही, तिला सिमेंट नीट धरत नाही. काळीला चुना मानवतो. चुन्यातले कॅल्शियम पापुद्र्यांवर जाऊन बसते, मातीचे कण गोळा होतात आणि तिची फुगण्याची खोड कमी होते.

आता छत. इथे आम्हांला जरा रेंगाळायचे आहे.

वऱ्हाडातले जुने घर धाब्याचे. खांबांवर लाकडी सरे, त्यांवर आडव्या फळ्या किंवा फाटे, मग तुराट्या, पऱ्हाट्या किंवा पाला, आणि वर हातभर माती. सगळ्यांत वर खारी पांढरी माती. ही माती का, असे विचारले तर घरातली म्हातारी माणसे सांगतात, ‘तिच्यातून पाणी गळत नाही.’ खरेच आहे. खाऱ्या मातीतल्या सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, पहिल्या सरीबरोबर बारीक बारीक होऊन मातीच्या छिद्रांत जाऊन बसतात आणि ती बुजवून टाकतात. शिवाय खारेपणामुळे धाब्यावर गवत रुजायला कठीण जाते. शेतीसाठी जी माती वाईट, ती छतासाठी चांगली.

उन्हाळ्यात धाब्याखाली थंड का वाटते, हे मुलांकडून गणिताने काढून घ्यावे. वैशाखातल्या दुपारी एका चौरस मीटर छतावर सूर्याची सुमारे एक किलोवॉट उष्णता पडते. पंचवीस चौरस मीटरच्या घरावर पंचवीस विजेच्या शेगड्या उलट्या टांगल्या आहेत, असे समजा. आता टिनाचा पत्रा अर्धा मिलिमीटर जाड घेतला तर एका चौरस मीटरचे वजन चार किलोच्या आसपास. त्याचे तापमान एक अंशाने वाढवायला दोन किलोज्यूलही लागत नाहीत. तीस सेंटीमीटर मातीचे वजन मात्र सुमारे ४८० किलो, आणि तिला एक अंशासाठी चारशेहून अधिक किलोज्यूल लागतात. दोनशे पटींहून जास्त फरक! पत्रा सकाळी नऊ-दहालाच तापतो, दुपारी साठ अंशांच्या पुढे जातो आणि खाली बसलेल्या माणसावर उष्णता फेकतो. धाब्यात शिरलेली उष्णता आतल्या बाजूला पोचेपर्यंत रात्र झालेली असते आणि तोवर दारेखिडक्या उघडून बाहेरची गार हवा आत घेता येते. दहा सेंटीमीटरचा काँक्रीटचा स्लॅब या दोघांच्या मध्ये पडतो. तो उष्णता दोन-तीन तासांनी आत सोडतो, म्हणजे नेमकी संध्याकाळी, माणसे शेतातून घरी येतात तेव्हा. पत्र्याचा एक गुण मात्र मान्य करायला हवा. सूर्य मावळल्यावर तो लगेच निवतो.

धाब्याचे गुण गाताना दुसरी बाजू विसरून चालणार नाही. वरचाच हिशेब पुढे नेऊ. दर चौरस मीटरला ४८० किलो, तर पंचवीस चौरस मीटरला बारा टन. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी जुनी माती न काढता नवी टाकत गेले तर ही जाडी वाढतच जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटे कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे आठ ते दहा हजार माणसे झोपेत गेली. तिथली घरे दगड-मातीची होती. भिंती दोन पदरी, पण दोन पदरांना सांधणारे आरपार दगड नव्हते, आणि वर अर्धा-अर्धा मीटर मातीचे माळवद. धक्क्याने दोन पदर सुटले आणि छत खाली आले. त्याच भागात जिथे छत भिंतीवर नसून लाकडी खांबांवर पेललेले होते, तिथे भिंती बाहेर पडूनही छत उभे राहिल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. म्हणजे दोष एकट्या मातीचा नव्हता. वजन किती आणि ते कशावर ठेवले, हा प्रश्न होता.

म्हणून जुने धाब्याचे घर चांगल्या स्थितीत असेल तर ते पाडायची घाई करू नये, असे आमचे मत आहे. आपल्या योजनांचा कल नवे बांधण्याकडे आहे, कारण नव्या घराची मोजदाद सोपी असते. दुरुस्तीला फोटोत दिसेल असे काही नसते. पण धाब्यावरची जुनी माती खरवडून थर वीतभर ठेवणे, सऱ्यांची वाळवी पाहणे, भिंतीत दर मीटरभर अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटची गुल्ली बसवणे, ही कामे गावातला मिस्त्री करू शकतो. किल्लारीनंतर दुरुस्त केलेल्या हजारो घरांत हीच पद्धत वापरली गेली. मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा मात्र करू नये. माती श्वास घेते असे आपण म्हणतो, त्याचा अर्थ तिच्यातला ओलावा बाहेर येत-जात असतो. सिमेंटचा थर तो कोंडून ठेवतो, मागची माती भुसभुशीत होते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. माती-शेण किंवा चुन्याचा लेप बरा.

नव्या घरावर टिन असेल तर खाली वीतभर अंतर सोडून बारदानाचे किंवा तुराट्यांचे अस्तर लावले आणि दोन्ही टोकांना हवा जायला वाट ठेवली, तर फरक लगेच जाणवतो. स्लॅब असेल तर त्याला पांढरा चुना लावावा. अहमदाबाद महापालिकेने २०१७ पासून गरीब वस्त्यांतली छते पांढरी करायचा कार्यक्रम घेतला, तो याच तत्त्वावर. खर्च एका सणाच्या रंगकामाएवढा.

राहिले पाणी, आणि त्याबरोबर वर्षाचा हिशेब. सिमेंट वाळून घट्ट होते, ही समजूत पाचवीच्या मुलापासून मोठ्या माणसापर्यंत सर्वत्र आढळते. सिमेंट वाळत नाही. ते पाण्याशी रासायनिक क्रिया करते. पन्नास किलोच्या पोत्यातले सिमेंट सुमारे ११-१२ लिटर पाणी कायमचे आपल्यात बांधून घेते. म्हणून ते पाण्याखालीही घट्ट होते. मुलांना दोन वाट्यांत सारखे सिमेंट-रेतीचे गोळे करून द्या. एक उन्हात ठेवा, दुसरा एक दिवसानंतर पाण्यात बुडवा. दहा दिवसांनी दोन्हींवर खिळ्याने ओरखडा काढू द्या. पाणी न मारलेल्या काँक्रीटला कधी कधी जेमतेम निम्मी ताकद येते.

भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान सात दिवस, आणि राख मिसळलेल्या सिमेंटला किंवा कडक उन्हाळ्यात दहा दिवस ओले ठेवणे आवश्यक आहे. हल्ली दुकानात मिळते ते बहुतेक राख मिसळलेलेच. पंचवीस चौरस मीटरच्या स्लॅबवर आळी करून पाच सेंटीमीटर पाणी भरायचे तर १,२५० लिटर. मे महिन्यात आपल्या भागात उघड्या पाण्याची दिवसाला एक सेंटीमीटरहून जास्त वाफ होते, म्हणजे रोज आणखी २५० लिटर. दहा दिवसांत साडेतीन हजार लिटरच्या पुढे. ज्या महिन्यात पिण्याचे पाणी टँकरने येते, त्या महिन्यात एवढे पाणी घरकुलावर कोण ओतणार?

म्हणून घराचेही पिकासारखे वेळापत्रक असते. दसरा-दिवाळीनंतर पाऊस थांबतो, सोयाबीन निघालेले असते, विहिरींना पाणी असते. खड्डा खणून जमीन पाहावी ती तेव्हा. डिसेंबरपर्यंत पाया आणि जोते, जानेवारीत भिंती, फेब्रुवारीअखेर छत. महाराष्ट्राने २०२० साली महाआवास अभियान सुरू केले, तेव्हा ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी असेच आखले होते, ही चांगली गोष्ट. अडचण येते ती हप्त्यांची. मदत टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याचा फोटो झाल्यावर मिळते. मधला हप्ता दोन महिने लांबला की स्लॅब मार्चऐवजी मेमध्ये पडतो, पाणी अर्धेच मिळते आणि काँक्रीट कच्चे राहते. हप्त्याची तारीख ही नुसती हिशेबाची बाब राहत नाही, ती स्लॅबच्या ताकदीत उतरते. हप्ता लांबणार असे दिसले तर आळी करण्यापेक्षा ओले बारदान आणि त्यावर प्लास्टिकचा कागद अंथरावा. पाणी पुष्कळच कमी लागते. आणि काळीवरच्या घराला गिलावा शक्य तो पहिला पावसाळा गेल्यावर करावा. जमीन एकदा हलून घेते, पडायच्या त्या भेगा दिसतात, त्या भरून मग गिलावा केला तर पैसे वाया जात नाहीत.

शाळेत वर्षभर चालेल असा एक उपक्रम सुचवतो. मुलांनी आपापल्या घराची एक भेग निवडावी. तिच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने एकेक बारीक फुली मारावी आणि दोन फुल्यांमधले अंतर पट्टीने मोजून वहीत तारखेसह लिहावे. शेजारी तीन गोष्टींची नोंद करावी, घर काळीवर आहे की पांढरीवर, छत कशाचे आहे, आणि सांडपाणी कुठे जाते. भेगेवर एक कागदाची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून तिच्यावरही तारीख घालावी. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मोजमाप. सुरुवात जूनमध्ये, शाळा उघडल्याबरोबर करावी, कारण तेव्हा जमीन सर्वांत कोरडी आणि भेग सर्वांत रुंद असते. कोपरे बसलेले असतील तर सप्टेंबरपर्यंत अंतर कमी होत जाईल आणि कागदाला सुरकुती पडेल. होळीनंतर ते पुन्हा वाढू लागेल, आणि एके दिवशी कागद फाटेल. तो कोणत्या महिन्यात फाटला, हे सगळ्या घरांचे एका तक्त्यावर लिहून वर्गात टांगावे. ग्रामसभा असेल त्या दिवशी तक्ता तिथे घेऊन जायलाही हरकत नाही.